आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं तेव्हा

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, टेबल लागतं. मुलं फॉर्म भरत असतात आणि मागं उभे असलेले वडील किंवा मामा विचारतात, "मॅडम, ह्याचा पुढं उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडं येणारी बरीच मुलं कोरडवाहू शेतकऱ्यांची, नाहीतर बांधकामावर जाणाऱ्या घरांतली. एसटीनं तासभर प्रवास करून येतात. त्यांचा वेळ घरात हिशेबात धरलेला असतो. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते आणि काही वर्षं एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते. टेबलाशी दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथं सविस्तर लिहिते आहे.

तालुक्याच्या स्टँडसमोर व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासचे फलक लागलेले असतात. सभाधीटपणा, इंग्रजी संभाषण, मुलाखतीत बसायचं कसं, बोलायचं कसं. मी त्याला नावं ठेवणार नाही. आमच्या मुलांना त्याची गरज आहे. पुण्याला मुलाखतीला गेलेला गुणी मुलगा निव्वळ बुजल्यामुळं हात हलवत परत आलेला मी पाहिला आहे. पण या शिकवणीत मुलाचं सारं लक्ष स्वतःवरच खिळवलेलं असतं. मी कसा दिसतो, माझी छाप पडली का, समोरच्याला मी आवडलो का. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर तसंही दिवसभर याच प्रश्नांत गुरफटलेलं असतं. त्यातून त्याला बाहेर काढील असं काही त्या फलकावर नसतं.

कॉलेजचं वय अवघड असतं ते आणखी एका कारणानं. अंगात ताकद भरपूर आणि तिची कुणाला आत्ता गरज नाही. आत्ता शीक, मग नोकरी बघ, जबाबदारी नंतर. लेक्चरला दांडी मारली तर वर्गाचं काही अडत नाही. असाइनमेंट उशिरा दिली तर नुकसान होतं ते स्वतःचंच. सगळं पुढच्यासाठी चाललेलं. माणूस वाढतो तो आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे उमगल्यावर, असं माझं मत आहे आणि शिकवायला लागल्यापासून ते पक्कंच होत गेलं आहे.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या मुलांना जबाबदारी काय शिकवता? ती पहाटे धारा काढून येतात, सुट्टीत कांदा काढायला जातात. खरंच आहे. मुलींचं तर त्याहून खरं आहे. भाकरी थापून, धुणं धुऊन, धाकट्याला शाळेत सोडून त्या साडेदहाच्या लेक्चरला येतात. घरात सेवा त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. अशा मुलीसमोर त्यागाचं आणि सेवेचं कौतुक करणारं भाषण मी कधी केलं नाही. तिला एनएसएसमध्ये जे मिळतं ते वेगळं असतं. घरच्या कामात ती कुणाची तरी लेक किंवा बहीण असते, आणि न केलं तरच ते काम दिसतं. इथं ती आपण होऊन नाव देते, अनोळखी माणसासाठी राबते आणि तिच्या कामाची वेगळी नोंद होते.

हे सगळं सर्वांत स्पष्ट मला दिसलं ते परीक्षेच्या खोलीत. अंध विद्यार्थ्यांना पेपर लिहायला लेखनिक लागतो. मुलं 'रायटर' म्हणतात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो आणि परीक्षार्थीला दर तासामागं २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. माझ्या एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गातली एक मुलगी टीवायच्या, तिसऱ्या वर्षाच्या, इतिहासाच्या एका अंध विद्यार्थ्याची लेखनिक म्हणून बसली. वर्गातली हुशार मुलगी. प्रश्न पुरता व्हायच्या आत हात वर करणारी, दुसरा चाचरला की त्याचं वाक्य पुरं करणारी.

लेखनिकाचं काम वरून दिसतं तितकं सोपं नसतं. प्रश्न संथ वाचायचा आणि सांगेल तेव्हा पुन्हा वाचायचा. कुणी सलग वाक्यं सांगतं, कुणी तुकड्या-तुकड्यांनी, मध्येच मागं जाऊन "तो शब्द काढ" म्हणतं. कुणाला परिच्छेद वाचून दाखवलेला लागतो, कुणाची त्यानं तंद्री मोडते. वेळ किती उरला हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही, नाहीतर माणूस घाबरतो, हे प्रत्येकाशी आधीच ठरवून घ्यावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे तो सांगेल तेच लिहायचं.

त्या पेपरात विद्यार्थ्यानं सांगितलं, "पुणे करार, १९३१." करार झाला १९३२ मध्ये. तिला ते पाठ होतं. मला तिनं नंतर सांगितलं की पेन तिथंच थांबलं. पर्यवेक्षक लांब खिडकीपाशी होते. एका आकड्याचा प्रश्न, कुणाला कळलंही नसतं. समोरचा मुलगा पुढचं वाक्य जुळवत होता, त्याला ती थांबल्याचं जाणवलं आणि त्यानं विचारलं, "लिहिलं का?" तिनं १९३१ लिहिलं आणि "हो, पुढं सांगा" म्हणाली.

पेपर संपल्यावर ती रडवेली होऊन माझ्याकडं आली. तो मुलगा काठी टेकत मागोमाग आला आणि त्यानंच विषय काढला. बाहेर पडल्यावर त्याला साल आठवलं होतं. ती मध्येच का थांबली होती, तेही त्यानं ओळखलं होतं. "तू बदललं नाहीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "नाहीतर मार्क पडले असते पण पेपर माझा राहिला नसता. आणि पुढच्या वेळी तुला लेखनिक म्हणून घेताना मला भीती वाटली असती."

दुसऱ्याला मदत करायची म्हणजे आपल्याला येतं ते त्याच्यावर ओतायचं, असा आपला सगळ्यांचाच समज असतो. आपण देणारे, तो घेणारा. त्या खोलीत त्या मुलीचं हुशार असणं कामाचं नव्हतं. तिचे कान, तिचं अक्षर आणि तिनं स्वतःला आवरणं एवढंच त्याला हवं होतं. कोणत्या क्लासमध्ये हे शिकवता येईल मला माहीत नाही. त्यानंतर ती पार बदलून गेली असं मी म्हणणार नाही, स्वभाव एका पेपरात बदलत नसतो. वर्गात तिचा हात आजही सगळ्यांत आधी वर जातो. पण पुढच्या सत्रात त्याच विद्यार्थ्यासाठी तिनं आपण होऊन नाव दिलं आणि परीक्षेआधी महिनाभर त्याला संदर्भपुस्तकं वाचून फोनवर रेकॉर्ड करून द्यायला लागली. तिचा आवाज आला नाही तर त्याचं प्रकरण तयार होणार नव्हतं. सर्दी झालेल्या आवाजातलीही एक फाइल मी ऐकली आहे.

माझ्या विषयात यावर बरंच संशोधन झालं आहे. स्वयंसेवेकडं कोण वळतं, हा त्यातला जुना प्रश्न. कार्लो, ओकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेज विद्यार्थ्यांचा केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांत मिसळणारी आणि सौम्य, जुळवून घेणारी मुलं या कामाकडं जास्त वळतात, आणि त्यामागं इतरांचं भलं व्हावं ही प्रेरणा मोठा वाटा उचलते, असं त्यात दिसलं. म्हणजे एनएसएसची मुलं छान दिसतात यातलं काही श्रेय एनएसएसला नाही, छान मुलंच तिकडं येतात. हे मान्य करायला हवं. पण २००१ मध्ये थॉइट्स आणि ह्युइट यांनी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात दोन्ही बाजू दिसल्या. मनानं सुस्थितीत असलेली माणसं स्वयंसेवा जास्त करतात, आणि केल्यावर ती आणखी सुस्थितीत येतात. मला रस आहे तो या दुसऱ्या अर्ध्या भागात, आणि त्याहूनही वर्गात मागं बसणाऱ्या, घुम्या, स्वतःहून कधी पुढं न येणाऱ्या मुलांत. त्यांच्यापर्यंत हे पोचतं का?

त्यासाठी सक्ती करावी असं पुष्कळांना वाटतं, आणि हा विचार आजचा नाही. १९५८ मध्ये पंडित नेहरूंनी पदवीसाठी समाजसेवेची अट घालण्याची कल्पना मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात मांडली होती. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करावी, अशी शिफारस या समितीनं केली. खर्च आणि शिक्षणाच्या रचनेतले बदल पाहता ती मान्य झाली नाही. मग प्राध्यापक के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या पद्धतींचा अभ्यास करून अहवाल दिला आणि कल स्वेच्छेकडं झुकला. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, देशभरच्या शिबिरांचा विषय होता दुष्काळाविरुद्ध युवक. तेव्हा महाराष्ट्र बहात्तरच्या दुष्काळात होरपळत होता.

चिंतामणरावांबद्दल मनात आदर ठेवूनही मला वाटतं, ती शिफारस बारगळली हे चांगलं झालं. स्टुकास, स्नायडर आणि क्लॅरी या तिघांनी १९९९ मध्ये सक्तीच्या स्वयंसेवेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. हे आपल्यावर लादलं जातंय असं ज्या विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्यांची पुढं आपण होऊन असं काम करायची इच्छा सक्तीमुळं मंदावल्याचं त्यात आढळलं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. तास भरायला आलेलं पोर ओळखू येतं. ते घड्याळाकडं बघतं. पण इथं एक बारकावा आहे. तेच पोर, कोणतं काम करायचं हे त्याला निवडू दिलं की बदलतं. झाडांना आळी करायची, की रक्तदानाची यादी करायची, की वृद्ध बाईला दवाखान्यात नेऊन आणायचं, एवढी निवड पुरते. घुम्या मुलांना मी बहुधा अशा जागी पाठवत असे जिथं एकच माणूस असतो आणि फार बोलावं लागत नाही. पथनाट्यात कधीच न उभा राहणारा एक मुलगा गावातल्या निराधार योजनेच्या लाभार्थी म्हाताऱ्यांना महिन्याच्या महिन्याला बँकेत घेऊन जायचा. पैसे जमा झाले नाहीत की काउंटरवर तोच बोलायचा. सभाधीटपणा त्याला असा आला.

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांचे मिळून २४०, आणि त्यात दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर माण तालुक्यातल्या एका गावात असायचं, डिसेंबर संपताना. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्या माळावरची थंडी अनुभवल्याशिवाय कळायची नाही. पहाटे उठून प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, नंतर सर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. स्वयंपाकाला रोज वेगळा गट, त्यात मुलगेही. घरी ताट उचलून न ठेवणारा मुलगा शंभर जणांचं पिठलं ढवळतो आणि मीठ कमी पडलं म्हणून हळहळतो, हे दृश्य मला फार आवडतं.

पण त्याच्या आधी मुलींना पाठवण्याचं प्रकरण असतं. कितीतरी मुली घराबाहेर, नातेवाईक सोडून, पहिल्यांदा रात्री राहतात त्या शिबिरात. पहिल्या संध्याकाळी एखादे वडील मोटारसायकलवर तीस-चाळीस किलोमीटर येऊन मुलगी झोपणार ती खोली बघतात, दाराची कडी लावून बघतात, संडास कुठं आहे ते बघतात. "मॅडम, तुम्ही मुक्कामाला आहात ना?" एवढंच विचारतात, चहा घेतात आणि अंधारात परत जातात. मला त्यांच्या काळजीचा कधी राग आला नाही. आणि त्याच वडिलांनी पुढच्या वर्षी धाकट्या मुलीचं नाव स्वतः आणून दिलेलंही मी पाहिलं आहे. हा बदल मुलीच्या स्वभावात मोजायचा की वडिलांच्या? मला दोन्हीकडं मोजावासा वाटतो.

पाऊस बरा झालेल्या वर्षी शिबिराच्या गावात ओढ्याला डिसेंबरअखेरही थोडं पाणी असतं, म्हणून वनराई बंधारा घालायचा. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यांत वाळू-माती भरायची, दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचं आणि ओढ्याच्या आडवी थरावर थर रचायची. पहिल्या दिवशी मुलं जोशात पोती गच्च ठोसून भरतात. गावातले एक गवंडीकाम केलेले आजोबा काठावर बसून बघत होते. दुसरा थर चढेना तेव्हा ते खाली उतरले. "पोतं गळ्यापर्यंत भरू नगा. पाऊण भरा, मंग ते पसरून बसतंय. गच्च पोतं गडगडतंय." मग त्यांनी सांधेमोड दाखवली, वरच्या पोत्याचा मध्य खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर आला पाहिजे. एमएस्सीला जायची तयारी करणारी मुलं त्यांच्यापुढं उकिडवी बसून शिकत होती. मागून घमेल्यांची साखळी चालू होती, आणि साखळीत एक जण मंद झाला की सगळी साखळी मंद होते, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. असं पाणी अडलं की आसपासच्या विहिरींना थोडा आधार होतो, ज्वारीला एखादं पाणी जास्त देता येतं. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो. पुन्हा घालावा लागतो. म्हणूनच तेच गाव वर्षानुवर्षं धरून ठेवलं पाहिजे असा माझा आग्रह असायचा. ओळख नसलेल्या गावात शिबिर म्हणजे पाहुणचार होतो. ओळखीच्या गावात लोक हक्कानं चूक दाखवतात.

सर्वेक्षणातही तेच. मुलं हातात फॉर्म घेऊन उंबऱ्यात उभी राहतात आणि विचारतात, "कुटुंबात एकूण सदस्य किती? शौचालय आहे का?" एका घरातल्या बाई म्हणाल्या, "आदी बस बाळा, पानी पी. मंग इचार काय इचारायचं ते." तो बसला. त्यांचा मुलगा मुंबईला होता आणि चार वर्षांत गावी आला नव्हता, हे फॉर्मच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं. त्यानं रात्री ते फॉर्मच्या मागं लिहून आणलं आणि विचारलं, हे कुठं लिहायचं? गांधीजींनी विद्यार्थ्यांकडून समाजाशी जिवंत संपर्क मागितला होता. त्या मुलाचा प्रश्न ऐकल्यावर त्याचा अर्थ मला नीट लागला.

आता या कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. पूर्वी 'दहा मार्कांसाठी एनएसएस' म्हणायचे, आता 'क्रेडिटसाठी' म्हणतात. मार्कांच्या आशेनं आलेल्या मुलाला मी कमी लेखत नाही. ज्या घरात प्रत्येक तासाला हिशेब आहे, तिथून त्याला कागदावरचं काहीतरी दाखवल्याशिवाय सुटका नसते. यायचं कारण आणि राहायचं कारण वेगळं असू शकतं. माझी तक्रार फाइलवर आहे. फोटो, बॅनर, जिओटॅग, अहवाल, सह्या. झाडू हातात घेतलेले फोटो निघतात आणि झाडून व्हायच्या आत गट पुढच्या फोटोला जातो. मुलं हे बघत असतात. काम दाखवण्यापुरतं करायचं असतं, हा धडा ती त्यातून घेतात, आणि तोही व्यक्तिमत्त्वात मुरतो. संत गाडगेबाबांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात याचं मला फार वाईट वाटतं. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कार्यक्रम अधिकाऱ्यावर लेक्चरचा पूर्ण भार ठेवून वर शंभर मुलांचं युनिट सोपवलं की फाइलच होणार, दुसरं काय होणार? त्याचा शिकवण्याचा भार थोडा हलका केला आणि अहवालाची पानं निम्मी केली, तर बाकीचं मुलं आणि गाव मिळून करतील असा माझा विश्वास आहे.

सात दिवसांनी भूक चाळवलेली मुलं पुढंही जातात. आमच्याकडची काही मुलं मे महिन्याच्या उन्हात चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला, बाबा आमट्यांनी साठच्या दशकात सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला गेली. दोघं गडचिरोलीत बंग दांपत्यानं २००६ मध्ये तरुणांसाठी सुरू केलेल्या 'निर्माण' उपक्रमाच्या शिबिरात पोचली. पण अशी मुलं थोडी. बाकीची बँकेत, पोलीस भरतीत, शेतात, पुण्याच्या कंपन्यांत जातात, आणि मला त्यांच्यात रस अधिक आहे. निराधार म्हाताऱ्यांना बँकेत नेणारा तो मुलगा आज एका पतसंस्थेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. मागच्या महिन्यात मी काही कामाला गेले होते. अंगठा नीट न उमटणाऱ्या एका आजीपाशी तो उठून बाहेर आला, तिचं बोट रुमालानं पुसलं, आणि रांगेतल्या लोकांना म्हणाला, "दोन मिनिटं थांबा, आज्जी लांबून आल्यात."

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्र परीक्षा आता जवळ आल्या आहेत आणि दरवर्षीसारखे याही वर्षी लेखनिक कमी पडणार आहेत. तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजातही ही अडचण असेल. अकरावी-बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी परीक्षा विभागात जाऊन नाव द्यावं. अक्षर सुंदर नसलं तरी चालतं, वाचता यायला हवं. परीक्षार्थीला आदल्या आठवड्यात एकदा भेटून घ्या, त्याची सांगायची पद्धत समजून घ्या, एक जुना प्रश्न लिहून बघा. पेपर अकराला असेल तर साडेदहाला पोचा, आणि आजारी पडलात तर त्याला आदल्या रात्रीच कळवा.